उतारावरची जागा घेताय? शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीचं खरेदीखताआधी मिटवा

कोकणात सपाट जागा कमीच. रत्नागिरी, चिपळूण, संगमेश्वर, सावंतवाडी, कुठेही घर बघायला गेलात तरी बहुतेक जागा टप्प्याटप्प्यांच्या असतात. वरच्या टप्प्यावर एकाचं अंगण, खालच्या टप्प्यावर दुसऱ्याचं परसदार, आणि मधे आठ-दहा फुटांची चिऱ्याची किंवा काळ्या दगडाची भिंत. एजंट घर दाखवतो, विहीर दाखवतो, कलमं दाखवतो. भिंतीजवळ कोणी थांबत नाही.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात एक जुनं घर घेतलं तेव्हा मागची भिंत फुगलेली होती. ती आमच्या वाट्याची, वरच्या शेजाऱ्यांची की दोघांची, हे विकणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. खरेदी होण्याआधी तिचा निकाल लागला आणि आज ती उभी आहे. त्या वेळी कोणी क्रमाने सांगितलं असतं तर बरीच धावपळ वाचली असती, म्हणून हे लिहितोय. मी खालच्या टप्प्यावरची जागा घेणाऱ्याच्या बाजूने लिहितोय. कागदपत्रं महाराष्ट्रातली आहेत. भिंतीचं वागणं पुण्याच्या टेकड्यांवर असो की महाबळेश्वरच्या घाटात, सारखंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. खरेदीखतावर सही होईपर्यंत या भिंतीचा खर्च उचलू शकणारी माणसं तीन असतात: विक्रेता, शेजारी आणि तुम्ही. सही झाली की दोनच उरतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 55 प्रमाणे मालकी तुमच्याकडे आली की त्यानंतरचं नुकसानही तुमचंच. नोंदणीच्या दुसऱ्या दिवशी भिंत कोसळली तर विक्रेत्याकडे जाऊन उपयोग नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी बहुतेक साठेखताच्या (खरेदीखताआधी होणाऱ्या विक्रीच्या कराराच्या) आधी किंवा फार तर साठेखत आणि खरेदीखताच्या मधे उरकायच्या आहेत.

1. भिंत स्वतः बघा, शक्यतो पावसात

जागा मे महिन्यात बघितली असेल तर व्यवहार थांबवायची गरज नाही, पण जुलैमध्ये एक चक्कर नक्की मारा. कोरड्या दिवसांत भिंत काही बोलत नाही.

ओळंबा आणि टेप सोबत न्या. भिंतीच्या माथ्यावरून वीतभर बाहेर दोरी धरून ओळंबा खाली सोडा आणि वर, मध्ये आणि पायथ्याशी दोरी व भिंतीमधलं अंतर मोजा. जुन्या भिंती बहुधा मातीच्या बाजूला थोड्या कललेल्या बांधतात, त्यामुळे खाली येताना हे अंतर कमी होत जायला हवं. मध्यावर एकदम कमी होऊन पायथ्याशी पुन्हा वाढलं, तर भिंतीने पोट काढलंय. खाली येताना वाढतच गेलं, तर अख्खी भिंत खालच्या बाजूला झुकतेय, आणि हे जास्त वाईट. दर चार-पाच फुटांवर माप घ्या, वहीत लिहा, फोटो काढा. आमच्या भिंतीचं पोट एका टोकाला बघून कळतच नव्हतं. फणसाच्या मागे, बरोबर वरच्या न्हाणीघराच्या खाली ते सुटलेलं होतं.

मग पाणी बघा. भिंतीतून पाणी येणं हे चांगलं लक्षण आहे, न येणं काळजीचं. पावसाळ्यात भिंत ओली आहे, वर चिखल आहे, पण विप होलमधून (मागचं पाणी बाहेर यावं म्हणून भिंतीत ठेवलेल्या भोकांतून) थेंब नाही, याचा अर्थ पाणी मागे साठतंय. येणारं पाणी कशा रंगाचं आहे तेही बघा. निवळ असेल तर ठीक. तांबडं, गढूळ असेल आणि पायथ्याशी मऊ गाळाचा थर बसत असेल, तर पाण्याबरोबर मागची माती वाहून जातेय. अशा ठिकाणी वर जाऊन बघितलं तर भिंतीच्या मागे जमीन खचून खोलगट झालेली दिसते.

भेगांमध्ये सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते आडव्या भेगेकडे. उभी भेग बरेचदा पाया एका बाजूला बसल्याची असते, आडवी भेग मागून दाब येत असल्याची. भेगेवर सिमेंटची लहानशी पट्टी लावून तारीख लिहून ठेवा. पुढच्या खेपेला पट्टी तडकलेली दिसली तर भेग अजून चालू आहे.

नुकताच गिलावा किंवा रंग केलेली भिंत दिसली तर मुद्दाम विचारा, तो कशासाठी केला. गिलाव्याखाली भेगा झाकल्या जातात आणि विप होलही बुजतात.

2. वरच्या बाजूला काय काय आहे?

शेजाऱ्यांच्या परवानगीने वर जा. भिंतीच्या माथ्यापासून भिंतीच्या उंचीइतक्या अंतरात जे जे आहे ते लिहून काढा: पाण्याची टाकी, शोषखड्डा, न्हाणीघराची मोरी, गाडी लावायची जागा, माड, नवी खोली. 5000 लिटरची टाकी भरली की 5 टन वजन होतं. पण वजनापेक्षा मोरी आणि शोषखड्डा जास्त त्रास देतात, कारण त्यांचं पाणी बारा महिने भिंतीमागे मुरतं. पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, पन्हळ आहे का, तेही बघा. चिऱ्यांच्या सांध्यात वड किंवा पिंपळ उगवला असेल तर त्याचीही नोंद करा.

3. भिंत नेमकी कोणाच्या हद्दीत आहे, हे मोजणीनेच ठरवा

सगळी भांडणं इथे सुरू होतात. भिंत हीच हद्द असं सगळे धरून चालतात, आणि कित्येकदा ते खरं नसतं. भिंत पूर्ण वरच्या जागेत असू शकते, पूर्ण खालच्या जागेत असू शकते, हद्दीच्या रेषेवर बसलेली असू शकते, किंवा मधे पाणंद असेल तर सरकारी जागेतही असू शकते. चारही बाबतीत पुढचं बोलणं वेगळं होतं.

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयात होतो. अर्जदार जमिनीचा धारक असावा लागतो, म्हणजे तुमचं नाव सातबारावर नसताना अर्ज विक्रेत्याने करायचा. डिसेंबर 2024 पासून मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. व्यवहाराची तारीख ठरली असेल तर द्रुतगतीचे पैसे भरणं परवडतं, आणि ते विक्रेत्याने भरावेत असं मी तरी म्हणेन. मोजणीची नोटीस लगतच्या धारकांना जाते. त्या दिवशी वरचे शेजारी हजर राहतील असं बघा, नोटिशीच्या भरवशावर न राहता स्वतः जाऊन सांगा. त्यांच्या देखत खुणा झाल्या तर पुढे कोणी शब्द फिरवत नाही. नंतर मिळणारी मोजणी नकाशाची क प्रत जपून ठेवा. भूकरमापकाला विनंती करून भिंतीची जागा नकाशात दाखवून घ्या. नुसत्या हद्दीच्या रेषेवरून भिंत कुठे आहे हे पुढे कोणाला कळत नाही.

खाजगी सर्व्हेअरचा नकाशा इंजिनिअरला उपयोगी पडतो, पण हद्दीच्या वादात त्याला सरकारी मोजणीचं वजन नसतं.

4. कागदांची पिशवी

- सातबारा आणि आठ अ, तुमच्या जागेचा. सातबारा वरच्या जागेचाही. गावठाणात किंवा शहरात असाल तर मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हेचा नकाशा
- जुने फेरफार, विशेषतः वाटणीचे
- विक्रेत्याचं मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र
- 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या आधीच्या नोंदणीकृत व्यवहारांचा आणि बोजांचा शोध
- मोजणीची क प्रत
- घराचा बांधकाम परवाना आणि मंजूर नकाशा
- नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने भिंतीबद्दल कधी नोटीस दिली असेल तर ती
- भिंतीचे तारखेसह फोटो आणि मापं

जुन्या खताची चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे याचं वर्णन, शब्द न् शब्द वाचा. ‘उत्तरेस अमुक यांची दगडी भिंत’ आणि ‘उत्तरेस अमुक यांची जमीन, मध्ये सामाईक भिंत’ या दोन वाक्यांत लाखाचा फरक पडतो. वाटणीपत्रात तर कधी कधी भिंत कोणी राखायची हेही लिहिलेलं सापडतं, कारण वरची आणि खालची जागा मूळची एकाच घराण्यातली असते.

वरच्या सातबारावर किती नावं आहेत ते आत्ताच बघून ठेवा. कोकणात डझनभर सहहिस्सेदार आणि त्यातले निम्मे मुंबई-ठाण्याला, हे नेहमीचं. वर राहणारे काका हो म्हणाले म्हणजे सगळे हो म्हणाले असं होत नाही.

5. जमीन कापली कोणी, भरली कोणी?

हद्दीनंतरचा मोठा प्रश्न हा, आणि तो फार थोडे लोक विचारतात. दोन जागांमधला उंचीचा फरक निसर्गाने केलेला नसतो, माणसाने केलेला असतो. एकतर खालच्याने घर मागे वाढवायला उतार कापलेला असतो, नाहीतर वरच्याने अंगण सपाट करायला भर घातलेली असते.

सुविधाधिकार अधिनियम 1882 च्या कलम 7 मध्ये हे स्पष्ट आहे की प्रत्येक जमीनमालकाला आपली जमीन नैसर्गिक स्थितीत असताना शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे खालच्याने कापून तो आधार काढला असेल, तर आधार परत उभा करणं खालच्याच्या अंगावर येतं. उलट वरच्याने भर घातली असेल, तर त्या भरावाचा भार तुमच्या जागेने फुकट वाहावा असा त्याचा मूळ हक्क नाही. पण वरचं घर 20 वर्षं किंवा जास्त काळ उघडपणे, बिनतक्रार त्या आधारावर उभं असेल तर कलम 15 मुळे त्यालाही आधाराचा हक्क मिळालेला असू शकतो. मग भिंत तुमच्या हद्दीत असली तरी ती पाडून टाकता येत नाही.

त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. ज्याच्या जागेवर असा हक्क आहे त्याने आधार मोडायचा नाही, पण दुसऱ्याच्या फायद्यासाठी पदरचा खर्च करून काही करायलाच पाहिजे असंही नाही (कलम 27). ज्याचा हक्क आहे तो आत येऊन स्वखर्चाने दुरुस्ती करू शकतो. पाण्याचं म्हणाल तर वरून नैसर्गिकपणे वाहत येणारं पावसाचं पाणी खालच्याने घ्यायचं असतं. मोरीचं आणि शोषखड्ड्याचं पाणी त्यात येत नाही.

या सगळ्याचा तुमच्या भिंतीला नेमका अर्थ काय, हे दिवाणी काम करणाऱ्या स्थानिक वकिलाकडून लेखी घ्या. फी फार नसते.

आणखी एक. विक्रेत्याला माहीत असलेला छुपा दोष त्याने सांगितलाच पाहिजे, असं मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 55 म्हणतं. पण जो दोष साध्या नजरेला दिसू शकला असता तो छुपा धरत नाहीत. पोट सुटलेली भिंत कोणालाही दिसते. ‘मला सांगितलं नाही’ ही तक्रार तिथे टिकणं कठीण.

6. इंजिनिअरचा अहवाल, आणि तो पाण्यापासून सुरू व्हायला हवा

गवंड्याचा अनुभव मोठा असतो, पण सहा फुटांच्या वरच्या भिंतीला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्याच. हाच कागद पुढे विक्रेत्यासमोर आणि शेजाऱ्यासमोर ठेवायचा आहे.

भिंती पडतात त्या मुख्यतः पाण्यामुळे, हे आकड्यांत समजून घ्या. 3 मीटर उंचीच्या भिंतीमागे निचरा होणारी कोरडी भर असेल तर तिच्यावर दर मीटर लांबीला साधारण पावणेतीन टनांचा रेटा येतो. तीच भर पाण्याने काठोकाठ भरली की रेटा सहा टनांच्या आसपास जातो. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो, म्हणून ‘जुन्या भिंतीवरच दोन फूट चढवू’ हा सल्ला कधी मानू नका. जिथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे विप होल बुजलेली भिंत किती दिवस तग धरणार? शिवाय चिऱ्याच्या थराखाली पुष्कळ ठिकाणी मऊ, चिकण माती लागते आणि ती भिजली की घसरते. पाया कशावर आहे, हे इंजिनिअरने खड्डा घेऊन बघितलं पाहिजे.

अहवालात एवढं असलं पाहिजे: बिघाडाचं कारण, आत्ताचा धोका, दुरुस्ती चालेल की नवी भिंत लागेल, निचऱ्याची व्यवस्था, खर्चाचा अंदाज, आणि नव्या भिंतीच्या पायाची रुंदी. शेवटची बाब विसरली जाते. आरसीसी रिटेनिंग वॉलचा (माती अडवणाऱ्या सळई-काँक्रीटच्या भिंतीचा) पाया उंचीच्या निम्मा ते पाऊणपट रुंद लागतो. 3 मीटरच्या भिंतीला दीड ते सव्वादोन मीटर. वरून भिंत फूटभर जाड दिसली तरी तिचा पाय मातीखाली शेजाऱ्याच्या अंगणात जातो, नाहीतर तुमच्या परसात येतो. शेजाऱ्याच्या जमिनीखाली जाणार असेल तर त्याची लेखी संमती हवीच. ती मिळत नसेल तर इंजिनिअरला पाया पूर्ण आपल्या बाजूला येईल असं डिझाइन करायला सांगा. खर्च वाढतो, पण काम अडत नाही. जागा असेल तर जाळीत दगड भरून केलेली गॅबियन भिंतही विचारात घ्या. तिच्यातून पाणी आपोआप निघून जातं.

7. शेजाऱ्याशी बोलणं

अहवाल हातात आला की मग पैशांचं बोला, पण ओळख त्याच्या बरीच आधी करा. पहिल्या भेटीत भिंतीचा विषय तक्रारीच्या सुरात काढू नका. ‘काका, तुमची भिंत आमच्या अंगावर येतेय’ असं म्हटलंत की माणूस आवरून बसतो. ‘काका, ही जागा घ्यायचं मनात आहे. तुम्ही इथले जुने, या भिंतीचं तुम्हालाच माहीत असणार,’ असं विचारलंत तर चहा होतो आणि इतिहास बाहेर येतो. आमच्या वेळी काका गप्पच होते. काकूंनी सांगितलं की खालच्यांनी मागची पडवी वाढवली तेव्हा उतार कापला, आणि पुढे काही वर्षांनी यांचं न्हाणीघर मागच्या बाजूला आलं. म्हणजे कापलं खालच्यांनी, पाणी सोडलं वरच्यांनी. त्या एका वाक्यात खर्चाची वाटणी होती.

वरच्या माणसाची खरी भीती बहुतेक वेळा पैशाची नसते. भिंत नव्याने बांधताना आपली फूटभर जागा जाईल, ही असते. म्हणून मोजणीचा नकाशा घेऊन जा, हद्दीची रेषा दाखवा आणि भिंत कुठेही बांधली तरी रेषा तीच राहील हे लिहून देण्याची तयारी स्वतःहून दाखवा. काकांचा सूर बदलला तो याच ठिकाणी.

वाटणी ‘अर्धं-अर्धं’ म्हणून सुरू करू नका. कामाचे भाग पाडा. वरच्या बाजूचं गटार, मोरीचं पाणी वळवणं, शोषखड्डा हलवणं हे वरच्यांचं. उतार कापल्यामुळे लागणारी भिंत खालच्यांची, म्हणजे आज विक्रेत्याची. हद्दीवरची सामाईक भिंत असेल तर तिचा गाभा निम्मा-निम्मा. असं मांडलं की कोणालाही आपल्यावर लादलंय असं वाटत नाही, आणि अंदाजपत्रकातल्या ओळींसमोर नावं लिहिता येतात. रोख देणं जमत नसेल तर शेजारी दगड देऊ शकतो, पाणी-वीज देऊ शकतो, सामान उतरवायला वरचा रस्ता देऊ शकतो. वरून सामान उतरवता आलं तर मजुरी किती वाचते ते कंत्राटदाराला विचारून बघा.

मुंबईकर हिस्सेदारांच्या सह्या हव्या असतील तर गणपती, शिमगा किंवा मे महिना साधा. तेव्हा सगळे घरी असतात.

8. साठेखतात भिंतीचं स्वतंत्र कलम घाला

विक्रेत्याचा वाटा वसूल करायचे दोन सरळ मार्ग आहेत: त्याने खरेदीखताआधी काम करून द्यावं, किंवा किंमत तेवढी कमी करावी. मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. जागा सोडून जाणारा माणूस काम उरकतो. राहणारा नीट करून घेतो. पण किंमत कमी केली तरी मुद्रांक शुल्क वार्षिक बाजारमूल्य तक्त्याच्या, म्हणजे रेडीरेकनरच्या किमतीखाली लागत नाही, हे हिशोबात धरा.

तिसरा मार्ग लोक सुचवतात: खरेदीखत करून टाका आणि दोन लाख नंतर द्या. हा टाळा. किमतीचा भाग बाकी राहिला की त्या रकमेपुरता विक्रेत्याचा मालमत्तेवर बोजा राहतो, आणि काम पूर्ण झालं की नाही यावरून नवं भांडण.

साठेखतात लिहून घ्या की इंजिनिअरचा अमुक तारखेचा अहवाल दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, भिंतीवरून कोणताही दावा किंवा नोटीस प्रलंबित नाही, शेजाऱ्याशी तोंडी किंवा लेखी जे काही ठरलं होतं ते असं असं आहे, आणि खरेदीखताआधी भिंत पडली तर तुम्हाला व्यवहार रद्द करून बयाणा परत घेता येईल. दाव्याबद्दल विक्रेत्याच्या शब्दावर थांबू नका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावाने शोध घ्या.

9. शेजाऱ्याबरोबरचा करार

शेजाऱ्याने विक्रेत्याला दिलेला शब्द तुम्हाला लागू होत नाही. म्हणून तिघांचा करार करा: विक्रेता, तुम्ही आणि शेजारी. त्यात हद्दीची रेषा मोजणीप्रमाणे, भिंतीची मालकी, कामाचे भाग आणि प्रत्येकाचा खर्च, कंत्राटदार कोण ठरवणार, मजुरांनी कोणाच्या जागेतून जायचं, काम कधी संपवायचं, आणि पुढची देखभाल हे सगळं यावं. साध्या करारनाम्याला आता 500 रुपयांचा मुद्रांक लागतो, 100 चा चालत नाही.

एक खाच आहे. ‘मी देखभालीचा निम्मा खर्च करीन’ हे वचन त्या माणसाला बांधतं. त्याने जागा विकली तर नव्या मालकाला ते आपोआप बांधत नाही. त्यामुळे पाया मातीखाली ठेवण्याचा, दुरुस्तीसाठी आत येण्याचा, पाणी काढून देण्याचा असे जे कायमचे हक्क आहेत, ते नोटरीवर न भागवता दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेल्या दस्ताने घ्या. वरचे सगळे सहहिस्सेदार त्यावर सही करतील किंवा मुखत्यारपत्र देतील.

10. काम

दिवाळीनंतर सुरू करा आणि मृगाच्या आधी माथ्यावरचं गटारसुद्धा पूर्ण झालेलं असू द्या. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीत आधी लेखी विचारा. दुरुस्ती आणि नवं बांधकाम यांना वेगळे नियम लागू शकतात.

कंत्राटदाराकडून दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली, अख्खी भिंत एकदम पाडायची नाही. दोन-तीन मीटरचा एक पट्टा उघडायचा, बांधायचा, मग एक सोडून पुढचा. दुसरी, पायथ्याशी खणताना वर टेकू आणि खाली माणसांची ये-जा बंद. 29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची भिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 माणसं गेली. पाऊस जोराचा होता आणि शेजारी बांधकाम चालू होतं. मजुरांची झोपडी, सिमेंटची गोदामवजा शेड, काहीही भिंतीच्या आडोशाला बांधू देऊ नका.

भिंतीच्या मागे थेट माती ढकलू नका. आधी दगड-खडीचा थर, माती आणि खडीमधे जिओटेक्सटाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), तळाला छिद्रांचा पाइप. विप होलसाठी चार इंची पाइप, साधारण दीड मीटरच्या अंतराने, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. मागची भर घालतानाच्या दिवसांत जातीने उभे राहा, कारण ती झाकली गेली की कोणाला काही दिसत नाही. मुरूम किंवा दगड बाहेरून आणलात तर वाहतुकीचा परवाना ट्रकवाल्याकडे आहे ना, बघा.

काम पावसात अडकलं तर खोदकाम थांबवा, माथ्यावर ताडपत्री घाला, वरचं पाणी बाजूला वळवा.

11. शेजारी ऐकतच नसेल तर

आधी गावातली तंटामुक्ती समिती किंवा दोघांनाही मानणारा माणूस. मग वकिलामार्फत नोटीस, इंजिनिअरच्या अहवालासह. भिंत पडून माणसांना इजा होण्याचा धोका असेल तर नगरपरिषदेकडे धोकादायक बांधकामाची तक्रार करता येते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. दिवाणी दावा शेवटी. आणि लक्षात घ्या, तुम्ही अजून खरेदी केलेली नाही. शेजारी दारात उभा करत नाही, विक्रेता किंमत कमी करत नाही आणि अहवाल नव्या भिंतीचं सांगतोय, अशा जागेपासून बाजूला होणं हाही चांगला निर्णय आहे. मी तोच घेतला असता.

12. राहायला गेल्यावर

घराचा विमा घेताना ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत रिटेनिंग वॉलचा समावेश इमारतीच्या व्याख्येत आहे. प्रस्तावात तिची किंमत धरायला सांगा. सदोष बांधकाम किंवा भरावाची जमीन खचणं याला भरपाई मिळत नाही, तेव्हा इंजिनिअरचा काम पूर्ण झाल्याचा दाखला फाइलमध्ये असू द्या.

दरवर्षी मे अखेरीस विप होलमध्ये सळई घालून मोकळी करा, माथ्यावरचं गटार उपसा, सांध्यातली रोपटी मुळासकट काढा. पहिल्या मोठ्या पावसानंतर वरच्यांना सोबत घेऊन भिंत एकदा टोकापासून टोकापर्यंत चालून बघा आणि ओळंब्याची मापं त्याच वहीत, त्याच जागांवर, पुन्हा लिहा.